एक किलो हायड्रोजन कितीला पडतो? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी दोन मुद्दे मांडले होते. अणुवीजकेंद्राच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढता येतो, हा पहिला. आणि तो मोटारींत जाळायच्या आधी खताच्या कारखान्यात न्यावा, हा दुसरा. त्यावर लातूर, बीड, जालना, नांदेड अशी चहूकडून पत्रं आली. बहुतेकांनी भाव विचारला आहे. तोच विचारायला हवा. मी औष्णिक वीजकेंद्रात केमिस्ट होते. जनरेटर थंड ठेवायला लागणारा हायड्रोजन आम्ही तिथंच पाण्यापासून करायचो आणि बाटल्यांत भरून ठेवायचो. तेव्हा त्याचा भाव कुणी विचारत नसे, कारण लागायचा थोडासा. आता देशाच्या खताचा आणि पोलादाचा प्रश्न त्यावर ठेवायचा म्हणतात, तर पैशापैशाचा हिशेब झाला पाहिजे.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलं की युरिया करायला हायड्रोजन लागतो. आमच्या एका गोणीमागं किती लागतो? आणि अणुभट्टीच्या विजेचा वापरला तर गोणी कितीला पडंल?
— ऊस-सोयाबीन उत्पादक, औसा

दादा, गोणी ४५ किलोची. युरिया तयार होतो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून, आणि अमोनिया हायड्रोजन व हवेतल्या नायट्रोजनपासून. एक किलो युरियाला बरोबर शंभर ग्रॅम हायड्रोजन लागतो, म्हणजे गोणीला साडेचार किलो. त्यातला तीन किलो युरियात राहतो, दीड किलो पाणी होऊन कारखान्यातच निघून जातो.

आज हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा हिस्सा बाहेरून जहाजानं येतो. वायूच्या भावाप्रमाणे किलोला दीडशे ते दोनशे रुपये पडतात. मधला १७५ धरू. गोणीमागे ७८७ रुपयांचा नुसता हायड्रोजन झाला. तुम्ही दुकानात देता २६६ रुपये ५० पैसे. वरचे पैसे सरकार अनुदान म्हणून भरतं. अणुविजेवरचा हायड्रोजन ३५० रुपयांना पडला (पुढच्या उत्तरात हा आकडा कसा येतो ते दिलं आहे), तर गोणीमागे १,५७५ रुपये होतात. तुमच्या खिशातून एक रुपयाही जास्त जाणार नाही, कारण गोणीचा भाव सरकार ठरवतं. पण अनुदानाचा बोजा गोणीमागे आठशेच्या घरात वाढेल. हा पैसा कोण आणि किती वर्षं भरणार, हे आधी लिहून ठेवल्याशिवाय युरियाच्या कारखान्याला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

युरियात आणखी एक अडचण आहे. वायूपासून हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड तिथंच निघतो आणि तोच युरियात जातो. पाण्यापासून काढला तर तो निघत नाही. गोणीला ३३ किलो लागतो, तो आणायचा कुठून? आपल्या भागात याला एक उत्तर आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक लिटर अल्कोहोलमागे पाऊण किलो. आज त्यातला बराचसा हवेत जातो. पण तो गोळा करून शेकडो किलोमीटरवर खत कारखान्याला पोचवणं हा वेगळा धंदा आहे, त्याचाही खर्च आहे.

म्हणून मी म्हणते, सुरुवात डीएपीपासून करा. त्याला कार्बन लागत नाही. पन्नास किलोच्या डीएपीत साधारण ११ किलो अमोनिया, म्हणजे दोन किलोला जरा कमीच हायड्रोजन. भाव दुप्पट झाला तरी फरक गोणीमागे तीनशे-साडेतीनशे. शिवाय डीएपीसाठी आपण अमोनिया थेट परदेशातून आणतो, त्याची जागा देशातल्या अमोनियानं घेतली तर आखातात काही झालं की आपल्या पेरणीच्या तोंडावर खताची ओढाताण होते ती थोडी तरी कमी होईल. दुकानापुढच्या रांगा तुम्हीही पाहिल्यात, मीही पाहिल्यात.

प्रश्न : वर्तमानपत्रात एके ठिकाणी हायड्रोजन किलोला दीडशे रुपये लिहिलेला वाचला, दुसरीकडे पाचशे. अणुऊर्जेचे समर्थक म्हणतात आमचा स्वस्त, सौरवाले म्हणतात आमचा. खरं काय मानायचं?
— निवृत्त बँक अधिकारी, बीड

दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांवर खरे असू शकतात. आपण बँकेत होतात, म्हणून हिशेबच मांडते. खालचे भाव मी धरलेले आहेत. आपण ते बदलून पाहावेत म्हणून सगळे उघड लिहिते.

पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला शास्त्राप्रमाणे किमान ३९.४ युनिट ऊर्जा लागते. प्रत्यक्षातला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाणी फोडणारं यंत्र, पन्नासच्या पुढेच जातो. पंप, रेक्टिफायर, पाण्याचं शुद्धीकरण धरून मी ५५ युनिट घेते. अणुवीज ५ रुपये युनिट धरली तर विजेचेच २७५ रुपये झाले.

आता यंत्र. उभारणीसह किलोवॅटला ८०,००० रुपये धरू, वीस वर्षांचं आयुष्य, दहा टक्के व्याज. वर्षाचा हप्ता येतो ९,४०० रुपये. अणुवीजकेंद्र रात्रंदिवस चालतं, म्हणून यंत्र वर्षातले नव्वद टक्के तास चालेल आणि एका किलोवॅटमागे १४३ किलो हायड्रोजन देईल. हप्ता विभागला तर किलोला ६६ रुपये. एकूण ३४१. देखभाल, मजुरी, पाणी धरलं की साडेतीनशेच्या वर जातो.

आता तेच यंत्र फक्त सौर विजेवर लावा. वीज अडीच रुपये युनिट धरू, म्हणजे निम्म्या भावात. किलोला १३७ रुपये ५० पैसे. पण सूर्य वर्षभराच्या हिशेबात यंत्राला बावीस टक्केच तास देतो. किलोवॅटमागे हायड्रोजन मिळतो ३५ किलो, आणि तोच ९,४०० रुपयांचा हप्ता आता किलोला २६८ रुपये होऊन बसतो. एकूण ४०५ च्या वर. आपल्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही: दुष्काळी वर्षात ऊस नसला की कारखान्याचं गाळप लवकर संपतं, आणि कर्जाचा हप्ता मात्र प्रत्येक पोत्यावर जड होतो.

इथंच थांबले तर मी अणुऊर्जेची वकिली केल्यासारखं होईल. यंत्राची किंमत निम्मी करून पाहा, किलोवॅटला ४०,००० रुपये. चीनमधली यंत्रं स्वस्त होत चालली आहेत, तेव्हा हे अशक्य नाही. आता अणुविजेचा हायड्रोजन येतो ३०८ रुपयांना आणि सौर विजेचा २७२ रुपयांना. पारडं उलटलं. म्हणजे ‘अणु की सौर’ या भांडणाचा निकाल बराचसा इलेक्ट्रोलायझरच्या भावावर आहे, आणि भाषणांत त्याचं नावही निघत नाही. सौरवाल्यांच्या बाजूला एक खर्च मात्र वाढवावा लागतो. अमोनियाचा कारखाना दिवसा चालू, रात्री बंद असा सहजासहजी चालवता येत नाही. रात्रीसाठी हायड्रोजन साठवायला टाक्या लागतात किंवा दुसरीकडून वीज घ्यावी लागते. हा खर्च २७२ मध्ये धरलेला नाही.

अणुविजेचा भाव मी पाच रुपये धरला, त्याकडेही बारकाईनं बघा. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना मंजुरी दिली, तेव्हा खर्च १ लाख ५ हजार कोटी धरला होता. म्हणजे मेगावॅटला पंधरा कोटी, किलोवॅटला दीड लाख. चाळीस वर्षांची फेड आणि पंच्याऐंशी टक्के वापर धरला, तर सहा टक्के व्याजानं भांडवलाचा हिस्सा युनिटला १ रुपया ३४ पैसे पडतो, दहा टक्क्यांनी २ रुपये ६ पैसे. फरक ७२ पैशांचा. पण किलोला ५५ युनिट लागतात, म्हणून तोच फरक हायड्रोजनवर चाळीस रुपये होऊन येतो. भट्टी तीच, इंधन तेच, माणसं तीच. व्याजदर तेवढा वेगळा. आणि काम रेंगाळलं तर बांधकामाच्या काळातलं व्याज मुद्दलात चढत जातं. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं काम २०१० मध्ये सुरू झालं आणि व्यावसायिक वीज २०२३ मध्ये आली. स्वस्त अणुहायड्रोजनचा आकडा वाचलात की त्यात बांधकामाची किती वर्षं आणि किती व्याज धरलं आहे हे आधी विचारा.

आणखी एक सापळा सांगते, कारण तो फार गोड वाटतो. ‘ग्रीडला नको असलेल्या वेळची अणुवीज स्वस्तात घेऊ आणि तेवढाच वेळ हायड्रोजन करू,’ असं सुचवतात. वीज तीन रुपये झाली, पण यंत्र दिवसातले सात-साडेसात तासच चाललं. विजेचे १६५, हप्त्याचे १९७, मिळून ३६२. पूर्ण वेळ पाच रुपयांच्या विजेवर चालवलं त्याहून महाग. यंत्र महाग आहे तोवर उरल्यासुरल्या विजेवर चालवून फायदा नाही.

शेवटी, भाव कुठला आहे ते पाहा. हे सगळे आकडे कारखान्याच्या फाटकापाशीचे. हायड्रोजन द्रवरूप करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो, त्याला किलोमागे आणखी दहा-बारा युनिट जातात. दाबाखाली टँकरमधून न्यायचा तर अवजड पोलादी नळकांड्यांच्या पूर्ण ट्रकमध्ये काहीशे किलोच मावतो. त्यामुळे तो जिथं तयार होतो तिथंच त्याचा अमोनिया करून टाकणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

प्रश्न : आमच्या जालन्याच्या भट्ट्यांत हायड्रोजन वापरता येईल का?
— रोलिंग मिलमधील फोरमन, जालना

तुमच्या इंडक्शन फर्नेसला नाही. तिथं भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळतं; त्याला स्वच्छ आणि अखंड वीज हवी, हायड्रोजन नको. हायड्रोजनचं काम त्याच्या आधीच्या पायरीवर आहे, लोहखनिजातला ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न करताना. एका टनाला साधारण ५५ ते ६० किलो लागतो. तेव्हा तो खाणींच्या बाजूच्या कारखान्यांत वापरला जाईल आणि तुमच्याकडे येईल तयार स्पंज आयर्न. उद्योगांनी स्वतःच्या वापरासाठी २२० मेगावॅटच्या छोट्या अणुभट्ट्या पैसे घालून उभाराव्यात, अशी योजना न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशननं २०२४ च्या अखेरीस पुढे आणली. ती मोठ्या पोलाद कंपन्यांना परवडणारी आहे, जालन्याच्या एकेका मिलला नाही.

प्रश्न : परळीचं वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडलेलं आम्ही पाहिलं. आता कुणी म्हणतं, मराठवाड्यात अणुभट्टी आणा, हायड्रोजन करा, पोरांना नोकऱ्या मिळतील. पाणी कुठून आणणार?
— दुकानदार, परळी वैजनाथ

या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. तुमची शंका रास्त आहे, आणि आकडे मांडले की ती आणखी पक्की होते.

लोकांना वाटतं, पाणी फोडायचं म्हणजे पाणी त्यातच जाणार. एक किलो हायड्रोजनमध्ये मोडतं नऊ लिटर. यंत्रात घालायचं पाणी अगदी क्षारमुक्त लागतं; आमच्या डीएम प्लँटमध्ये असं पाणी करताना बरंच कच्चं पाणी रेझिन धुण्यात वाया जायचं. ते धरून वीस लिटर म्हणू. खरी तहान आहे ती वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरची. एका युनिटमागे दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन आणि निचऱ्यात जातं. अडीच धरलं तर ५५ युनिटांना १३७ लिटर. हायड्रोजनसाठी वीस आणि त्याच्या विजेसाठी एकशे सदतीस.

७०० मेगावॅटची एक भट्टी सगळी वीज हायड्रोजनला देईल, तर वर्षाला एक लाख टन हायड्रोजन निघेल. त्याला वीस लिटरच्या हिशेबानं २०० कोटी लिटर, आणि थंड करायला १,३७५ कोटी लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची, पन्नास वाघिणींची, एका खेपेला २५ लाख लिटर. नुसत्या थंड करण्याच्या पाण्यासाठी तशा रोज पंधरा गाड्या लागतील, वर्षाचे बारा महिने.

टीएमसीत सांगायचं तर हे अर्धा टीएमसी होतं. जायकवाडीचा जिवंत साठा पंचाहत्तर टीएमसीच्या पुढे आहे, तेव्हा अर्धा टीएमसी म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. चांगल्या पावसाच्या वर्षी तसं खरंही आहे. पण नाथसागर मृतसाठ्यावर गेलेला आपण पाहिला आहे आणि २०१३ मध्ये परळीचे सगळे संच पाण्याअभावी थांबले होते. कोळशाचं केंद्र पाणी संपलं की बंद करून कुलूप लावता येतं. अणुभट्टीचं तसं नसतं. ती थांबवल्यावरही इंधनात उष्णता तयार होत राहते, थांबवल्याच्या क्षणी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के, दिवसभरानं अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ती उष्णता काढायला पाणी लागतंच, महिनोन् महिने. नदी-कालव्याच्या काठी अणुवीजकेंद्रं देशात आहेत: नरोरा गंगेवर, काक्रापार तापीच्या पाण्यावर, रावतभाटा चंबळवर. त्यांना भरवशाचं पाणी आहे. गोदावरीचं आपल्या वाट्याचं पाणी तसं भरवशाचं आहे असं मी लिहू शकत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी नाशिक-नगरशी दरवर्षी वाद घालणाऱ्या प्रदेशानं हा बोजा घेऊ नये.

म्हणून माझं मत: अणुविजेचा हायड्रोजन समुद्रकाठी करा. तारापूरला भट्ट्या आहेतच, जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. तिथं थंड करायला समुद्राचं पाणी. यंत्रात घालायचं गोडं पाणीही समुद्रातूनच काढता येतं, आणि हे आपल्या देशात करून झालं आहे. कल्पक्कमला मद्रास अणुवीजकेंद्राच्या वाफेवर आणि विजेवर समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला गेला, दिवसाला ६३ लाख लिटर क्षमतेचा. वर सांगितलेल्या लाख टनांच्या हायड्रोजनला दिवसाला सुमारे ५५ लाख लिटर कच्चं पाणी लागेल. तेवढं ती एकच क्षमता भागवते. अमोनिया तिथं करावा, खत तिथं करावं, आणि आपल्याकडे गोणी यावी.

पोरांच्या नोकऱ्यांचा मुद्दा मी टाळत नाही. इलेक्ट्रोलायझरचे भाग, दाबाच्या टाक्या, झडपा, सेन्सर, रेक्टिफायर हे बनवायला नदी लागत नाही. वाळूज आणि शेंद्र्यात यंत्रभाग बनवणारे हात आहेत, हुशार आयटीआयची मुलं आहेत. यंत्राची किंमत हाच सगळ्या हिशेबाचा कळीचा आकडा आहे हे वर आलंच. ती किंमत खाली आणण्याचं काम मराठवाड्यात होऊ शकतं आणि त्यासाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी आग्रह धरावा.

प्रश्न : तुमचं म्हणणं पटत नाही. अजून आपली बहुतेक वीज कोळशाची आहे. अणुवीज आहे तेवढी घरांना आणि शेतीपंपांना द्या. ती हायड्रोजनमध्ये घालवणं हा अपव्यय आहे.
— भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, अंबाजोगाई

सर, आपला आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. कोळशाच्या एका युनिटामागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. ५५ युनिट अणुवीज ग्रीडमध्ये गेली आणि तेवढा कोळसा वाचला, तर पन्नासच्या वर किलो वाचतो. त्याच विजेचा एक किलो हायड्रोजन केला आणि वायूपासूनचा हायड्रोजन वाचवला, तर वाचतो नऊ-दहा किलो. पाचपट फरक आहे. आज चालू असलेल्या भट्ट्यांची वीज काढून हायड्रोजनला द्यावी, असं मी म्हणणार नाही. आपली सगळी अणुवीज क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट. ती सगळी जरी हायड्रोजनला लावली तरी वर्षाला साडेबारा लाख टन होईल. देश आज पन्नास लाख टनांहून जास्त वापरतो.

तरीही एक प्रकल्प आता सुरू करावा असं मला वाटतं, ते दोन कारणांनी. भट्टी उभी राहायला दहा वर्षं लागतात आणि सरकारनं २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुविजेचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तेव्हाचं ग्रीड आजच्याइतकं कोळशावर नसेल, आणि त्या दिवशी हायड्रोजनची विद्या शिकायला बसून चालणार नाही. दुसरं, कोळसा आपल्या जमिनीत आहे, वायू नाही. खताच्या बाबतीत परावलंबन हा प्रश्न कार्बनच्या हिशेबात मावत नाही. एक भट्टी, एक अमोनियाचा कारखाना, आणि त्याचे सगळे आकडे लोकांपुढे खुले. एवढंच मागते.

यात धोरणाची एक गाठ आहे. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेलं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन १९,७४४ कोटींचं आहे. त्याखाली हरित कशाला म्हणायचं हे सरकारनं त्याच वर्षी ठरवलं: किलोमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको, आणि ऊर्जा अक्षय स्रोतांची हवी. अणुविजेचा हायड्रोजन पहिली अट सहज पाळतो, दुसरीत बसत नाही. म्हणून सौर आणि पवनवाल्यांना मिळणारं प्रोत्साहन त्याला नाही. दोघांच्या भावांची तुलना करताना हे अनुदान काढून मगच करावी.

प्रश्न : हे कुठं प्रत्यक्षात झालंय का, की नुसत्या गप्पा?
— निवृत्त शिक्षक, हिंगोली

गुरुजी, पाणी फोडून खत करण्याचं काम पंजाबात नांगलला १९६० च्या सुमारास सुरू झालं, भाक्राच्या जलविजेवर. त्याच विद्युत्-विघटनातून अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणी वेगळं काढणारा देशातला पहिला कारखाना तिथं १९६२ मध्ये चालू झाला. पुढे विजेला दुसरीकडे मागणी वाढली, नॅप्था, तेल आणि वायू सोयीचे ठरले आणि ती वाट मागे पडली. भट्टीची उष्णता उद्योगाला देण्याचंही आपल्याला वावडं नाही. कोट्याचा जड पाण्याचा कारखाना शेजारच्या रावतभाटा केंद्राच्या वाफेवर चालत आला.

परदेशात अमेरिकेतल्या नाइन माइल पॉइंट अणुवीजकेंद्रात २०२३ मध्ये सव्वा मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर सुरू झाला. दिवसाला ५६० किलो, आणि वापर कशाला? जनरेटर थंड ठेवायला. मी केलेलंच काम ते. मला त्याचं फार अप्रूप वाटलं, पण आकार ध्यानात घ्या: वर्षाला दोनशे टन, लाख टन नव्हे.

विजेला वगळून थेट उष्णतेनं पाणी फोडण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे. आयोडीन आणि गंधकाच्या रसायनचक्रावर मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रानं प्रयोगशाळेत काम केलं आहे. त्याला साडेआठशे अंशांची उष्णता लागते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या तीनशे अंशांच्या आसपास देतात. जपानच्या ओराई इथल्या छोट्या प्रायोगिक भट्टीनं २००४ मध्ये ९५० अंश गाठले होते, आणि चीनची शिदाओवानची भट्टी साडेसातशे अंशांवर चालते. पण उकळतं सल्फ्युरिक आम्ल वर्षानुवर्षं पेलणारी भांडी आणि नळ करणं सोपं नाही. मी आयुष्यभर आम्लाच्या टाक्यांची गळती पाहिली आहे, म्हणून या मार्गाच्या भावाचे आकडे मी सध्या मनावर घेत नाही. त्याआधी हाताशी येईल ती वाफेची पद्धत. पाण्याऐवजी वाफ फोडली तर वीज ५५ ऐवजी चाळीसच्या आसपास लागते, आणि वाफ करण्यापुरती उष्णता तीनशे अंशांची भट्टीही देऊ शकते. पाच रुपये दरानं ही ७५ रुपयांची बचत. या यंत्रातल्या सिरॅमिक पेशी लवकर झिजतात आणि बदलाव्या लागतात, तो खर्च वजा करा.

प्रश्न : फुकुशिमाला हायड्रोजनचाच स्फोट झाला होता ना? मग तो भट्टीशेजारी करायचा कशाला?
— वाचक भगिनी, नांदेड

हो, मार्च २०११ मध्ये झाला. तो हायड्रोजन कुणी तयार करत नव्हतं. पाणी न मिळाल्यानं इंधन तापलं, त्याच्या झिर्कोनियमच्या आवरणाची वाफेशी क्रिया झाली आणि हायड्रोजन इमारतीत कोंडला. कोंडणं हाच त्याचा धोका. हवेत चार ते पंचाहत्तर टक्के असला तरी पेटतो, ठिणगी अगदी बारीक पुरते आणि ज्योत दिवसा धड दिसत नाही. पण मोकळ्यावर सुटला तर झपाट्यानं वर निघून जातो. आमच्याकडे जनरेटरमध्ये हायड्रोजन भरण्याआधी हवा कार्बन डायऑक्साइडनं बाहेर काढत, मग हायड्रोजन सोडत. हवा आणि हायड्रोजन समोरासमोर येऊच द्यायचे नाहीत. हत्यारं ठिणगी न पडणाऱ्या धातूची. छपराला वायू निघून जायला वाट. ही शिस्त जगभर रोज पाळली जाते.

भट्टीशेजारी प्रकल्प असेल तर साठ्याच्या टाक्या दूर असाव्यात आणि भट्टीकडे एकावेळी थोडाच हायड्रोजन असावा. वाफ घ्यायची असेल तर मध्ये वेगळा बंद प्रवाह ठेवावा, म्हणजे जड पाण्यातल्या ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) अंश खतापर्यंत पोचणार नाही. आणि त्याची मोजणी रोज जाहीर व्हावी. या अटींचा खर्च वरच्या साडेतीनशेत धरलेला नाही. तो धरायला हवा, आणि कुणी भाव पाडण्यासाठी या अटींत काटछाट सुचवली तर त्याला ठाम नाही म्हणायला हवं.

प्रश्न : मॅडम, मला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा आहे. महागडी सॉफ्टवेअर नाहीत. कुठून सुरुवात करू?
— केमिकल इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

विषय घे, बेटा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अणुहायड्रोजनच्या खर्चासाठी ‘हीप’ नावाची संगणकप्रणाली मोफत देते, आणि ती तयार करण्यात आपल्या भाभा केंद्राचा मोठा हात आहे. त्यात भट्टी, हायड्रोजनचा कारखाना, साठवण आणि वाहतूक असे चार भाग वेगवेगळे भरता येतात. बांधकामाची वर्षं, कर्जाचा वाटा, व्याज, भट्टी शेवटी मोडीत काढण्याचा खर्च, सगळं त्यात आहे.

पण ती उघडण्याआधी माझा वरचा हिशेब वहीवर हातानं कर. मग एका वेळी एकच आकडा बदल: यंत्राची किंमत, चालण्याचे तास, विजेचा दर, व्याज. कशानं भाव सगळ्यात जास्त हलतो ते स्वतः पाहा. त्यानंतर संगणकाला विचार, आणि दोन उत्तरांत फरक आला तर तो कुठून आला हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नको. ठिकाण म्हणून तारापूर घे, माल म्हणून अमोनिया, आणि पोचवण्याचं ठिकाण म्हणून लातूरचं खतगोदाम. गोणीमागे किती रुपये, असं उत्तर काढ. किलोच्या भावावर थांबू नको. मसुदा झाला की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठव. मी वाचून, टिपणं करून परत धाडीन.